माझ्या थुंकीचा तपास

४ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. शुद्धलेखन गेलं उडत. सातवीत शाळा सुटली ती मास्तरांच्या चुकीने, त्यात माझा दोष नाही.

आज हॉस्पिटलच्या चादरी आल्या. चादरींत काय काय निघतं ते लिहीत नाही, वही खराब होईल. एकच लिहितो. कवळी निघाली. अख्खी. गुंडाळीतून माझ्याकडे बघून हसत होती. ओकारी गिळली.

परदेशातल्या या आमच्या लाँड्रीला दोन बाजू, मधे भिंत. अलीकडे घाणीची बाजू, पलीकडे स्वच्छ बाजू. मशिनी भिंतीतच बसवल्यात. घाण इकडून कोंबायची, पलीकडे पांढरीशुभ्र निघते. पलीकडचे लोक इस्त्री करतात, घड्या घालतात, गाणी ऐकतात. कपडे पलीकडे जातात, माणसं जात नाहीत. मी जाणार. सहा महिन्यांच्या आत. लिहून ठेवलं.

५ फेब्रुवारी
पैलवानाने माझ्या टॉवेलला तोंड पुसलं. पैलवान म्हणजे माझा रूम पार्टनर. फुंकर मारली तर भिंतीला चिकटेल एवढा बारीक, म्हणून पैलवान. चमचा चाटतो आणि तोच परत भांड्यात घालतो. मी म्हटलं, किळस येते. तर म्हणाला, राजेसाहेब, आपण सोन्याचं ताट वेगळं मागवा.

चेष्टेत बोलला. पण मी विचारात पडलो.

८ फेब्रुवारी, रविवार
घरी व्हिडिओ कॉल. बाबा बनियनवर. मोबाइल एवढा जवळ धरतात की नाकातले केस मोजता यावेत. बोलता बोलता पायाची नखं कापत होते, एक उडून थेट स्क्रीनवर आपटलं. मी इकडे मान मागे घेतली. मग चहा. मोरीत पाणी उतरताना येतो तसला आवाज. मग ढेकर. मग, काय रे वाघा, जेवलास का?

वाघाला ओ द्यावीशी वाटेना.

हा माणूस माझा बाप कसा? त्यांचं नाक बटाट्यासारखं, माझं सरळ. ते आठवड्यातून दोनदा अंघोळ करतात, मी दिवसातून दोनदा. माझ्या मते जन्माच्या वेळी हॉस्पिटलात मुलं बदलली. चांगल्या घरचे लोक कुठेतरी मला शोधत असणार, आणि मी इथे कवळ्या वेचतोय.

९ फेब्रुवारी
कालचं वाचलं. बरोबर आहे.

माणूस असावा तर मामासारखा. मामा म्हणजे आईचा मानलेला भाऊ. रक्ताचा नाही, पण रक्ताच्यापेक्षा जास्त. गावी आमच्या शेजारीच राहतो. लग्न केलं नाही. कायम इस्त्रीचा शर्ट, खिशात सेंटचा रुमाल. याच लाँड्रीत होता तो कित्येक वर्षं, स्वच्छ बाजूला! वर्षातून एकदा सुट्टीला गावी यायचा. मी चारेक वर्षांचा होतो तेव्हा एकाएकी सगळं सोडून कायमचा घरी आला. इथली नोकरी त्यानेच मला लावून दिली. म्हणाला होता, जा, पण फार कुणात मिसळू नकोस. मी मिसळत नाही. मिसळण्यासारखं आहे कोण.

१३ फेब्रुवारी
मोबाइलवर जाहिरात आली. नळीत थुंका आणि आपण कोण ते जाणा. सेल चालू आहे. मागवलं.

पैलवान म्हणाला, आपण कोण ते मी फुकट सांगतो.

२१ फेब्रुवारी
किट आलं. नळीवर रेघ आहे, तिथपर्यंत भरायची. सोपं वाटलं. पण स्वतःची थुंकी नळीत बघितल्यावर मळमळायला लागलं आणि तोंड कोरडं पडलं. पैलवानाने माझ्यापुढे लिंबू कापून धरलं. तरी वेळ लागला. त्यात त्याचा सल्ला चालूच, राजेसाहेब, फेस धरू नका, फेसाला मार्क नाहीत.

मग ॲपवर चौकोनच चौकोन. हे मान्य आहे का, ते मान्य आहे का. जिथे चौकोन दिसला तिथे टिक मारली. पैलवान म्हणाला, वाच तरी. मी म्हटलं, वाचायला मी वकील आहे का.

पोस्टात टाकलं. हात तीनदा धुतले.

२२ फेब्रुवारी, रविवार
आईला सांगितलं. म्हटलं, आता दोन महिन्यांत कळेल मी कोणत्या घराण्यातला ते. आईने कॅमेराच बंद केला. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, असले उद्योग कोणी सांगितले होते तुला? परत घे ती थुंकी.

मी समजावलं की थुंकी परत घेता येत नाही. तर म्हणाली, मेल्या, अक्कल तरी कधी येणार तुला, आणि फोन ठेवून दिला.

म्हणजे आईला माहीत आहे. हॉस्पिटलातल्या बदलाबदलीचं. माझा संशय पक्का झाला.

१७ एप्रिल
रिझल्ट! बहुतेक सगळा मी आपल्याच भागातला निघालो, पण दोन टक्के कुठल्याशा थंड बेटावरचा. नकाशात शोधलं. सगळीकडे बर्फ. पांढरं, स्वच्छ. मला गरम का सोसत नाही ते आज कळलं.

खाली नातेवाइकांची यादी. सगळे लांबचे. कोणी टकला, कोणी बाई कुत्र्यासकट. एकाचाही चेहरा घराण्याचा वाटला नाही. यादी बंद केली.

१८ एप्रिल
सुपरवायझर मॅडमना दोन टक्क्यांचं सांगितलं आणि स्वच्छ बाजूला बदली मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला ऑपरेशन थिएटरच्या गोण्यांवर टाकलं.

हा जळफळाट आहे. मी दुर्लक्ष करणार.

१९ एप्रिल
गोणीत काय होतं ते लिहीत नाही. जेवलो नाही.

२९ एप्रिल
आज लाँड्रीत पोलीस आली. साधे कपडे, मोठी पर्स, पन्नाशीची बाई. माझंच नाव घेऊन आली. घाणीच्या बाजूचे सगळे टकामका बघत होते. पैलवान तर कपाटामागे लपला, त्याने काही केलेलं नसताना.

बाईंनी सांगितलं ते असं. वीस वर्षांपूर्वी इथल्या एका सोनाराच्या दुकानात चोरी झाली. चोराने वॉचमनच्या डोक्यात लोखंडी सळई घातली. वॉचमन दोन दिवसांनी गेला. चोर खिडकीच्या काचेने कापला होता, ते रक्त पोलिसांनी जपून ठेवलं. आता ते थुंकीवाल्या कंपनीच्या यादीशी लावून बघितलं, आणि माझ्याशी जुळलं. म्हणजे मी नव्हे, मी तेव्हा चड्डीत होतो. माझ्या कोणीतरी नात्यातला. मी चौकोनावर टिक मारली होती, पोलिसांना मदत करायला हरकत नाही म्हणून.

म्हणजे माझ्यामुळे केस उघडली. इतक्या वर्षांत कोणाला जमलं नव्हतं. मी बाईंना म्हटलं, काही लागलं तर सांगा, मी आहे.

३ मे
आज पोलीस स्टेशनात बोलावलं. खुर्ची दिली, कॉफी दिली. कपाला कोणाच्या तरी ओठांचा डाग होता. पुसून प्यायलो.

बाईंना वंशावळ काढून हवी होती. त्यांच्या भाषेत काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, सगळ्यांना एकच शब्द. असल्या भाषेत खुनी सापडणार कसा? मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि शिकवलं. चुलत वेगळं, मावस वेगळं, मामे वेगळं, आते वेगळं. दीर आणि मेव्हणा यांत काय फरक. बाई लिहून घेत होत्या. शाळेतले मास्तर असते तर कपाळाला हात लावला असता त्यांनी.

माझा संशय थोरल्या काकांवर आहे. जेवलेल्या ताटात हात धुतात आणि ते पाणी ढवळत बसतात. असला माणूस काहीही करू शकतो. मी तसं स्पष्ट सांगितलं. बाबांच्या बाजूचे सगळे लिहून दिले, एक सोडला नाही. सगळी घाणेरडी जात.

बाईंनी विचारलं, वडील कधी इथे कामाला होते का? मी हसलो. बाबा बसस्टँडच्या पुढे एकटे जात नाहीत.

५ मे
पुन्हा बोलावलं. काकांपैकी कोणीही कधी देशाबाहेर पडलेलं नाही म्हणे. बाईंनी पुन्हा तेच, वडील नक्की कधी आले नव्हते? मी म्हटलं, बाई, तुमचं गाडं बाबांवरच का अडतं? ते झुरळसुद्धा मारत नाहीत, दाराबाहेर नेऊन सोडतात. हाताने! नंतर त्याच हाताने जेवतात. तो वेगळा विषय.

बाई म्हणाल्या, नात्यातलं नसेल, पण घराजवळचं कोणी इथे राहून गेलेलं?

मी म्हटलं, एक आहे, पण तुमच्या उपयोगाचा नाही. मामा. तो मानलेला आहे. मग मानलेला म्हणजे काय ते सांगितलं. रक्त नाही, नातं आहे. तोंडाने भाऊ म्हटलं की झाला भाऊ. बाईंनी तो शब्द दोनदा म्हणायला लावला. आपल्या लोकांबद्दल त्यांना फार कुतूहल आहे.

फोटो मागितला. मोबाइलमध्ये मामाचा जुना फोटो होता, याच लाँड्रीच्या गेटसमोरचा, तरुणपणीचा. बाईंनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, परत फोटो, परत मी. असं कितीतरी वेळ. मी केस नीट केले.

माझ्या मते बाईंना मी खात्यात हवा आहे.

२० मे
बोलावणं नाही. तपास गुप्त चालला असणार. पोलिसात जायचं तर थोडी तब्येत हवी. उद्यापासून जोर काढणार.

२१ मे
पाठ धरली. उद्यापासून.

११ जून
फोनवर फोन. मामाला तिकडच्या पोलिसांनी उचललं! घरातून, इस्त्रीच्या शर्टावर. बाबा फोनवर ओरडत होते, अरे, आपल्या मामाला नेलं, खुनी आहे म्हणतात! आई फोनवर आलीच नाही.

माझं डोकं फिरलं. एवढं शिकवून बाईंनी शेवटी गोंधळ घातलाच. मी मामाला सोडवणार. उद्या जाऊन त्यांना समोर बसवून समजावतो. मुद्दे इथे मांडून ठेवतो, म्हणजे बोलताना अडखळायला नको.

मुद्दा पहिला. मामा मानलेला आहे, आमच्या रक्ताचा नाही.
मुद्दा दुसरा. थुंकी माझी आहे.
मुद्दा तिसरा. चोराचं रक्त माझ्या थुंकीशी जुळलं. आता ते रक्त जर मामाचं असेल, तर मी

पुढचं वाक्य नीट सुचत नाही. उद्या लिहितो.

१२ जून
सुट्टी टाकली. झोपून आहे. 

१४ जून
बाई स्वतः रूमवर आल्या. पैलवानाला बाहेर पाठवलं. मला म्हणाल्या, बसा. पाणी दिलं, माझ्याच घरात, माझ्याच ग्लासात. म्हणाल्या, कोर्टाच्या कागदात वाचण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. काका नाही, मामा नाही. पहिल्या दिवसापासून मशीन एकच सांगत होतं, रक्त या मुलाच्या बापाचं आहे. म्हणून मी तुमच्या वडिलांचं विचारत होते.

मी सांगितलं की मशीन बिघडलंय.

बाई म्हणाल्या, तुमच्या मामांनी तिकडे कबूल केलंय. सोनाराचं, वॉचमनचं.

मी म्हटलं, आणि बाकीचं?

त्या म्हणाल्या, बाकीचा गुन्हा नाही. ते आम्ही विचारत नाही.

१५ जून
कळलं. सगळं कळलं. साधी गोष्ट आहे. ती थुंकी माझी नव्हतीच! पैलवानाची होती. माझं तोंड कोरडं पडलं होतं, लिंबू त्याने कापलं होतं, वास त्याला आला, तोंडाला पाणी त्याच्या सुटलं. गडबडीत तोच थुंकला असणार. मला आता स्पष्ट आठवतंय.

बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, दोघांची परत घेऊ.

पैलवानाला कळलं तेव्हा तो आधी हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, तुझ्या घरचं निस्तरायला माझ्या आईवर जातोस होय रे? मी म्हटलं, तसं नाही. तो म्हणाला, तसंच आहे. अंथरुण गुंडाळून पलीकडच्या रूममध्ये गेला. माझा टॉवेल धुऊन, घडी घालून ठेवून गेला.

२६ जून
पोलीस स्टेशन. गालाच्या आतून काडी फिरवली होती त्याचा रिझल्ट. पैलवान कोणाचाच कोणी नाही. मी आहे.

बाहेर पडताना बाकावर एक बाई बसली होती, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. वॉचमनची मुलगी. मी कोण ते तिला कोणीतरी सांगितलं होतं, पण अर्धंच. मदत करणारा मुलगा, एवढंच. उठून आली आणि माझे दोन्ही हात धरले.  सोडीनाच.

घरी येऊन हात धुतले. साबण लावता लावता वाटलं, धुवायला तर तिने पाहिजेत.

२८ जून, रविवार
आरशात दाढी करायला उभा राहिलो. नाक सरळ. शिसारी आली. अर्धी दाढी तशीच ठेवली.

सेंटची बाटली फेकून दिली. मामाने दिलेली.

चहा करून बशीत ओतला आणि मोठ्याने आवाज काढत प्यायचा प्रयत्न केला. जमत नाही. ठसका लागतो. त्याला लहानपणापासूनची सवय पाहिजे.

निश्चय. हे कोणाला सांगायचं नाही. आईला मी काही विचारणार नाही. बाबांना मरेपर्यंत कळू द्यायचं नाही. घरी कधी बोलणंच निघालं तर मामाला कुणी पकडून दिलं ते मला माहीत नाही. बाबांशी रोज बोलायचं, कॅमेरा चालू ठेवून. हे मात्र मी करून दाखवणार. यात दुसऱ्या कोणाचा हात नाही, मी गप्प बसलो की झालं.

३० जून
बाबांशी बोललो. कान कोरत होते, काडी काढून निरखून बघत होते. मी बघत राहिलो. विचारलं, बरे आहात ना? ते चमकले. म्हणाले, काय रे, ताप आलाय का तुला?

छान चाललंय. जमतंय मला.

२ जुलै, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत
बाबांचा फोन. नेहमीच्या वेळेला नाही. कपडे घालून होते, बाहेर जायचे. केसांना पाणी लावलेलं.

म्हणाले, ऐक वाघा, काळजी करू नकोस, मी सगळं मार्गी लावतोय. तिकडच्या पोलिसांचा कागद आलाय इथल्या चौकीत. त्यात लिहिलंय म्हणे, आरोपीचा मुलगा परदेशात लाँड्रीत कामाला आहे, त्याच्या थुंकीवरून पत्ता लागला. मी हसलो साहेबांच्या तोंडावर. म्हटलं, अहो, त्याचं लग्न झालेलं नाही, त्याला मुलगा कुठला? तर साहेब माझ्याकडे बघतोच आहे. मग म्हणतो, तुमचा मुलगा कुठे असतो? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाढवांनी तुझं नाव त्याच्या खाली लावलंय! उद्या त्या खुन्याच्या नावाने तुला तिथे त्रास दिला म्हणजे? नोकरी गेली म्हणजे?

मी म्हटलं, मला काही त्रास नाही बाबा.

म्हणाले, तुला नाही कळत. मी साहेबाला सांगून आलो, तो माझा पोरगा आहे. माझी थुंकी घ्या, त्याच्या शेजारी ठेवा, आणि बघा. एका मिनिटात कळेल कोणाचा कोण. साहेब म्हणाला, असू द्या, गरज नाही. असू द्या कसं? आता निघालोय. इथे नाही घेतली तर तालुक्याला जाईन, तिथे नाही तर त्याच्या पुढे. एकटा जाईन.

मी म्हटलं, बाबा, नका जाऊ. ऊन आहे. मी म्हटलं, मशिनी चुकतात. मी म्हटलं, निदान भरपूर खाऊन जा, उपाशी थुंकी चालत नाही. वाटेल ते बोलत होतो. ते चप्पल शोधत होते.

मागून आईचा आवाज आला. जाऊ नका हो. अहो, मी पाया पडते तुमच्या, जाऊ नका.

बाबा मोबाइल तोंडाशी आणून हळू आवाजात मला म्हणाले, सकाळपासून अशीच रडतेय बघ. सुईला घाबरते ना ती. तिला वाटतंय सुई टोचतात. तूच सांग तिला, तू दिलेली आहेस. सुई नसते, नुसतं थुंकायचं असतं. हो ना?

मी म्हटलं, हो. नुसतं थुंकायचं असतं.